गिरणीतल्या ॲडमिन

उजव्या हाताचा अंगठा पदराला पुसायचा, तो नीट पुसला गेला नाही हे माहीत असूनही वर धरायचा आणि समोरच्याला शांतपणे सांगायचं, "उडवीन बघ." अक्कांची ही धमकी आमच्या गल्लीत ज्याने ऐकली नव्हती तो एक तर नवा भाडेकरू, नाही तर ठार बहिरा. बाहेरच्याला वाटायचं, बाई भलत्याच जहाल दिसतात. अक्का उडवायच्या ते फक्त मोबाइलवरच्या ग्रुपमधून. पण ज्याला उडवलं त्याच्या घरची टाकी पुढचे चार-पाच दिवस कोरडी राहायची, त्यामुळे धमकी काही अगदीच पोकळ नव्हती.

तुम्ही सोलापूरचे असाल तर पुढचं थोडं गाळून वाचलंत तरी चालेल. नसाल तर एवढं समजून घ्या, की आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येतं, पाच दिवसांनी येतं, आणि सकाळी येईल की दुपारी हे पाण्यालाच ठाऊक. त्यात आमची गल्ली चढावर. चढाच्या अगदी तळाला अक्कांची पिठाची गिरणी. पाणी पहिल्यांदा गिरणीच्या नळाला येणार, मग रमतगमत वर चढणार. तेवढ्या वेळात ज्याने मोटर लावली तो जिंकला. नळाला मोटर लावणं बेकायदा आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तो विषय इथेच संपवतो.

पूर्वी पाणी आलं की अक्का गिरणीच्या दारात उभ्या राहून हाळी द्यायच्या, "पाणी आलं वो!" गिरणीच्या घरघरीवर मात करून तयार झालेला तो आवाज होता, शेवटच्या घरापर्यंत जायचा. पुढे गल्लीत तीन-तीन मजले चढले, खिडक्या कायमच्या बंद झाल्या आणि हाळी पहिल्या मजल्यावरच अडू लागली. तेव्हा अक्कलकोटहून आलेल्या त्यांच्या भाचीने सगळ्यांचे नंबर गोळा करून ग्रुप काढून दिला, अक्कांना ॲडमिन केलं आणि ती आपल्या गावी निघून गेली.

तुमच्याही गल्लीत असा एखादा ग्रुप असेल. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी घरगुती औषधं, संध्याकाळी देश कसा चालवावा. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. पाणी आलं की अक्का लिहायच्या, "आलं". बंद झालं की "गेलं". बस. दुसऱ्या कुणी दुसरं काही लिहिलं, की तासाभरात तो बाहेर. दिवाळीच्या शुभेच्छा देणारे तिघं पाडव्याला पाण्यावाचून बसले होते. शिवाय प्रत्येकाने फोटो स्वतःच्या तोंडाचा लावायचा. देवाचा नाही, नातवाचा नाही, फुलाचा तर नाहीच. "मानूस कोन हाय ते दिसाय पायजे की," असं त्या म्हणायच्या आणि आम्ही मान डोलवायचो. शिस्त म्हणजे शिस्त.

उडवलेल्याला परत यायचं असेल तर मार्ग एकच होता. आपण काय लिहिलं होतं ते गिरणीत जाऊन, दळणाला बसलेल्या सगळ्या बायकांसमोर, स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवायचं. "वाच की तुज्या तोंडानं," अक्का म्हणायच्या. "आमी वाचून काय उपेग? तुला कळाय पायजे काय लिवलास ते." यापेक्षा कडक शिक्षा कुठल्या शाळेत असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या मजल्यावरच्या एका तरुण गृहस्थाने ती पुरेपूर भोगली. त्याची बायको रुसून बार्शीला माहेरी गेली होती. तिला पाठवायचा मजकूर त्याने घाईत आमच्या ग्रुपवर टाकला. आपल्या हातून काय झालं हे कळून तो पुसायला जाणार, तोच अक्कांनी त्याला उडवलं. या ग्रुपांचा एक दुष्ट नियम आहे, बाहेर पडलेल्याला आतलं आपलं लिखाण पुसता येत नाही. बिचाऱ्याची प्रेमकथा सगळ्या गल्लीच्या मोबाइलवर तशीच लटकत राहिली. घाम पुसत तो गिरणीत गेला, तर तिथे सहा बायका डबे घेऊन बसलेल्या.

"वाच," अक्का म्हणाल्या.

त्याने वाचलं, "चुकलं माझं. आईसमोर तसं बोलायला नको होतं. आता एसटी पकड आणि ये. माझे मोजेही सापडेनात."

"मोजे कशाला घातलास त्यात?" एक बाई म्हणाली. दुसरीने सुचवलं की 'चुकलं' दोनदा लिहावं. तिसरी म्हणाली, ये म्हणू नको, न्यायला येतो म्हण. सगळ्या जणींनी मिळून मजकूर सुधारून दिला आणि त्याने तो तिथेच उभा राहून बायकोला पाठवला. दोन दिवसांत ती परत आली. पुढे तो अक्कांचे आभार मानायला गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी काय केलं? मी उडवलं निस्तं."

निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार कुणाच्या तरी वशिल्याने ग्रुपात शिरला आणि त्याने हात जोडलेला स्वतःचा फोटो आणि वीस ओळींचं आवाहन टाकलं. अक्कांनी त्याला चहा थंड व्हायच्या आत उडवलं. त्याचा कार्यकर्ता जीप घेऊन गिरणीसमोर आला. "ताई, साहेबांना बाहेर काढलं तुम्ही," तो जरा आवाज चढवून म्हणाला. अक्कांनी त्याला बसायला पोतं दिलं. "तुज्या सायबाला सांग, रोज पानी आन आनि रोज 'आलं' म्हनून लिव. मग मी त्याला कायमचा ठेवते." कार्यकर्ता निघाला तेव्हा त्याच्या काळ्या पँटवर पाठीमागे पांढरा गोल उमटला होता, आणि आमच्यातल्या कुणीही त्याला ते सांगितलं नाही.

पण अक्कांचा खरा सामना होता तो प्राध्यापकांशी. आमच्या घराशेजारी राहणारे हे भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. अक्का त्यांना मास्तर म्हणायच्या आणि ते दर वेळी "प्राध्यापक" अशी दुरुस्ती करायचे. त्यांना दोन शब्दांत बोलता येत नसे. 'पाणी आले असे कळवताना दाब किती आहे, हेही नमूद करावे' असं त्यांचं पहिलं पत्र होतं. मग जमिनीचा उतार, जुन्या जलवाहिन्या, समान वाटपाचं तत्त्व. ते किती वेळा उडाले याची गणती नाही. उडाले की निमूट ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत यायचे, चष्मा लावायचे आणि वाचायला लागायचे. ते वाचायला लागले की अक्का गिरणी चालू करायच्या.

"मोठ्यानं वाचा की मास्तर, ऐकू येईना."

"अक्काबाई, तुम्ही माझं लिखाण मन लावून वाचत नाही. मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात आहे."

"डोळ्यात पीठ जातंय वो. लई लांब लिवता तुमी."

हा संवाद मी किमान दहा वेळा ऐकला असेल आणि दहाही वेळा मनसोक्त हसलो.

एकदा मात्र प्रकरण तापलं. प्राध्यापक असेच एका निबंधापायी बाहेर होते, त्यातच त्यांच्या नातीचं बारसं आलं आणि नेमकं बारशाच्या आदल्या दिवशी पाणी येऊन गेलेलं त्यांना कळलंच नाही. मला वाटलं शेजाऱ्यांनी सांगितलं असेल. शेजारी मीच होतो. घरात तीस माणसं आणि टाकीत तळाचा गाळ. प्राध्यापकांनी टँकर मागवला, बारसं उरकलं, रीतसर गिरणीत जाऊन निबंध वाचला, ग्रुपात परत आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिथे मतदान लावलं. ग्रुपवर अशी सोय असते. वर प्रश्न, खाली पर्याय, ज्यावर बोट ठेवाल ते तुमचं मत, आणि कुणी कुठे बोट ठेवलं ते फोटोसकट सगळ्यांना दिसतं. प्रश्न होता, 'ॲडमिन बदलावा का?' पर्याय दोन, होय आणि नाही.

मी कचेरीत होतो. मोबाइल वाजला म्हणून बघितलं तर एक मत पडलंही होतं. 'होय'वर. शेजारी इवलासा गोल फोटो होता, कपाळाला विभूती, डोक्यावर पदर, भुवयांवर पीठ. अक्कांनी स्वतःला काढून टाकण्याच्या बाजूने पहिलं मत दिलं होतं.

मोजेवाल्या गृहस्थाचा मला फोन आला, "अक्का रुसल्या वाटतं. राजीनामाच दिला की हो त्यांनी." ज्याला त्याला तेच वाटलं. बाई मानी, बोल लागला तर पदावर राहणाऱ्या नव्हेत. मग 'नाही'वर धडाधड मतं पडू लागली. अक्कांनी ज्यांना दोन-दोनदा उडवलं होतं तेही 'नाही'वर. संध्याकाळपर्यंत प्राध्यापकांनी स्वतःच्याच प्रस्तावाविरुद्ध मत दिलं. 'होय'वर शेवटपर्यंत ते एकच मत राहिलं.

घरी परतताना स्कूटरवर मला राहून राहून वाटत होतं की काहीतरी चुकतंय. अक्का रुसणाऱ्यातल्या नव्हत्या. कुणी खुर्ची ओढलीच असती तर त्यांनी त्याला खुर्चीसकट उडवलं असतं. सिग्नलला थांबलो आणि एकेक गोष्ट समोर यायला लागली. दोनच शब्द. फोटो स्वतःच्याच तोंडाचा. जे लिहिलं ते तुझ्या तोंडानं वाच. डोळ्यात पीठ जातंय. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या तरी मी तिथेच उभा. अक्कांना वाचता येत नव्हतं. आकडे येत होते, काट्यावरचं वजन दुरून कळायचं, आणि भाचीने मोबाइलमध्ये घालून दिलेले ते दोन शब्द त्या आकारावरून ओळखत होत्या. बाकी सगळं लिखाण त्यांना सारखंच. म्हणून ते सगळंच उडवायचं. आणि बोट ठेवण्यासारखं काही समोर आलं, की आपण वाचलं असं दिसावं म्हणून वरच्या पर्यायावर अंगठा टेकवून मोकळं व्हायचं.

इतकी वर्षं जिला मी कडक शिस्त समजून हसत होतो ती एका बाईची धडपड होती. मला स्वतःची लाज वाटली. घरी न जाता सरळ गिरणीत गेलो.

गिरणीत गिऱ्हाईक नव्हतं. अक्का जात्याच्या तोंडावरचं पीठ झटकत होत्या. मला त्या तम्मा म्हणायच्या, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

"ये तम्मा. मास्तरनं काय टाकलंय रं आज? दुपारधरनं मोबाइल वाजायलाय. डोळ्यात पीठ गेलंय, जरा वाच की."

मी वाचलं. खोटं वाचायचं मनात आलं होतं, पण ते मला जमलं नाही. "ॲडमिन बदलायचा का, असं विचारलंय."

त्यांचा हात थांबला. ग्रुप त्यांच्यासाठी काय होता ते मला त्या क्षणी कळलं. गिरणीकडे गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं, पिशवीतलं तयार पीठ घरोघरी पोचत होतं. पण पाण्याच्या दिवशी सगळी गल्ली अक्कांच्या एका शब्दाची वाट बघायची. तेवढं काढून घेतलं असतं तर चढाच्या तळाला राहणारी एक म्हातारी, एवढीच त्यांची ओळख उरली असती.

"मग? लोक काय म्हनालेत?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हणतायत. बदलायचा नाही. सगळे नाही म्हणतायत."

"मास्तर?"

"तेही नाहीच म्हणाले."

अक्का हसल्या. मग त्यांनी मोबाइल माझ्याकडून घेऊन डोळ्यांजवळ धरला, पण तो इवलासा फोटो काही त्यांना ओळखता आला नाही. "वर येक हाय की. ह्यो कोन? सांग, उडवते त्याला."

तुम्ही काय सांगितलं असतं मला माहीत नाही. मी म्हटलं, "मी. चुकून दाबलं गेलं."

अक्कांनी अंगठा पदराला पुसला आणि माझ्यादेखत मला उडवलं.

घरी बायकोने माझाच मोबाइल उघडून मतदान बघितलं; उडवलेल्यालाही आधीचं सगळं दिसत राहतं. "तुमचं मत तर 'नाही'वर दिसतंय, मग तुम्हाला का उडवलं?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, अक्कांची लहर. "तुम्हीच काहीतरी आगाऊपणा केला असणार," ती म्हणाली, आणि पुढचे पाच दिवस आंघोळीला मला पाऊण बादली मिळाली.

पाचव्या दिवशी सकाळी माझा मोबाइल वाजला. अक्का. "तम्मा, मोटर लाव," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला. टाकी भरली तसा मी गिरणीत गेलो. मला बघून अक्कांनी चालू गिरणी बंद केली. दळण अर्धं असताना गिरणी बंद केलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"त्या दिशी तू गेल्यावर मी त्या 'वरच्या'वर बोट ठिवलं," त्या म्हणाल्या. "तर फोटू उगडला. अक्षर न्हाय वळखत मी, तम्मा. माजं थोबाड वळखते की."

मी काट्यावर सांडलेलं पीठ बोटाने गोळा करू लागलो.

"कुनाला बोललास?"

"नाही. बायकोलाही नाही."

"तिला सांगू बी नको. ती दळनाला येतीया."

"मग मला आत घ्या की अक्का आता."

"लगेच घिटलं तर लोक म्हनतील, अक्काचा शबुद फिरला. म्हैनाभर भायेरच ऱ्हा. मी फोन करते."

आणि त्यांनी महिनाभर खरोखर फोन केला, दर पाण्याला, ग्रुपच्या आधी दोन मिनिटं. मी लाजत लाजत विचारलं होतं, वाचायला शिकवू का? अक्कांनी क्षणभर खरंच विचार केला. मग मान हलवली. "नगं. शिकले तर मास्तरचं समदं वाचावं लागंल."

गुडघ्यांनी दगा दिल्यावर अक्कांनी गिरणी विकली आणि त्या अक्कलकोटच्या पलीकडे बहिणीकडे राहायला निघाल्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून हातात मोबाइल दिला. नवा ॲडमिन करायचा होता. मला वाटलं, माझंच नाव घेतील.

"मास्तरला कर," अक्का म्हणाल्या.

मी चमकलो. "ज्यांनी तुम्हाला काढायला मतदान लावलं त्यांना?"

"व्हय. समदी गल्ली मला गिरनीवाली समजून गप ऱ्हायची. त्यो येकलाच. मला वाचता येतंय असं धरून लिवायचा. भांडायचा बी तसाच. येवडं लांबलांब मला दुसऱ्या कुनी लिवलं न्हाय." मग म्हणाल्या, "त्याला सांगू नको. आता उडवता बी येत न्हाय मला, तवा तूच गप ऱ्हा."

प्राध्यापक ॲडमिन झाले आणि गंमत म्हणजे अक्कांपेक्षा कडक निघाले. गिरणीच्या जागी आता पार्सलांचं दुकान आहे. तिथला माणूस पाणी आल्याचं कळवतो आणि प्राध्यापक दाब विचारतात. अक्का ग्रुपात होत्याच, पण गावाकडे मोबाइलला रेंज क्वचित.

गेल्या वर्षी भाचीचा मला फोन आला. अक्का गेल्या. शेवटी फार त्रास झाला नाही, म्हणाली. मोबाइल बंद करून त्यांच्या पेटीत ठेवलाय. त्या दिवशी प्राध्यापकांनी ग्रुपवर अक्कांविषयी लिहिलं. सवयीप्रमाणे लांब, गल्लीच्या उतारापासून सुरुवात करून. सगळ्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

नंतर एक दिवस ते मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. ग्रुपवर लिहिलेलं सगळ्यांच्या सगळ्यांना पोचल्याशिवाय त्याखाली दुसरी टिक येत नाही. एकाचा जरी मोबाइल बंद असला, तरी एकच टिक. पार्सलवाल्याने त्यांना सांगितलं होतं, अक्कांचा नंबर काढून टाका, लगेच दोन येतील.

"काढायचं बटण मला माहीत आहे," प्राध्यापक म्हणाले. "पण हे त्यांच्याविषयीच लिहिलंय आणि त्यांनाच वगळून पोचवायचं, हे काही पटत नाही." मग चष्मा काढून पुसत राहिले. "तक्रार करायच्या लांब लिहितो म्हणून. पण वाचायच्या हो त्या."

"वाचायच्या," मी म्हटलं.

आमच्या ग्रुपवर अजून एकच टिक येते.